बर्फाची लादी आणि उष्णतेची वाट

फाल्गुन सरला की वऱ्हाडात बर्फ ही चैनीची वस्तू राहत नाही. चैत्र-वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि रसवंतीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत, मासळीच्या टोपलीपासून रस्त्याकडेच्या पाणपोईपर्यंत सर्वत्र लादीची वाट पाहिली जाते. दुःखाच्या प्रसंगीही तिचेच काम पडते. परगावी असलेला मुलगा येऊन पोचेपर्यंत वडिलांचा देह राखावयाचा असला, की बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री बर्फाची शोधाशोध होते. लादी गावात तयार झालेली असो, की वीसेक किलोमीटरांवरील अकोल्याहून पोत्यात गुंडाळून आलेली असो. ती ज्या यंत्रातून निघाली त्याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. ते यंत्र कसे चालते, ते नीट चालावे म्हणून काय करावे लागते, आणि आपल्या भागातील उन्हाळा व पाणी यांपुढे त्याची कसोटी कोठे लागते, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बर्फाचे यंत्र थंडी तयार करते, असे आपण म्हणतो. थंडी नावाची वस्तू तयार करता येत नाही. पाण्यातली उष्णता काढून घेतली की उरते ते बर्फ. तेव्हा यंत्राचे काम एकच : पाण्यातली उष्णता उचलावयाची आणि ती बाहेरच्या हवेत नेऊन टाकावयाची. अडचण अशी की, उष्णता आपण होऊन उन्हाकडून गारव्याकडे जाते, उलट जात नाही. पाणीही आपण होऊन उतारानेच वाहते. विहिरीतले पाणी वरच्या पाटात आणावयाचे तर मोट लागे आणि मोटेला बैल लागत. बर्फाचे यंत्र ही उष्णतेची मोट आहे, आणि वीज हे तिचे बैल. विहीर जितकी खोल आणि पाट जितका उंच, तितकी बैलांची दमछाक अधिक. ही उपमा वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारखान्याच्या देखभालीचे बहुतेक सारे नियम तिच्यातून निघतात.

ही मोट आपल्याकडे येण्यापूर्वी उष्णता हलविण्याऐवजी बर्फच हलवीत असत. १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला तो बर्फ लाकडाच्या भुशात बांधून आणलेला होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग पुढे मुंबई व मद्रास येथेही पसरला. मद्रासला त्यासाठी १८४२ साली बांधलेले बर्फघर आज विवेकानंदांचे स्मारक म्हणून उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी ईथर वापरून बर्फाचे यंत्र चालविले, आणि १८७० नंतरच्या दशकात जर्मनीत कार्ल फोन लिंडे यांनी अमोनियावर चालणारे यंत्र सिद्ध केले. १८७८ मध्ये कलकत्त्यास बंगाल आइस कंपनी निघाली, आणि थोड्याच वर्षांत अमेरिकन बर्फाचा धंदा आटोपला. आज लाद्यांच्या कारखान्यात जे यंत्र दिसते, ते मूलतः लिंडे यांच्या यंत्राच्याच वंशातले आहे.

त्याचे तत्त्व आपल्या घरच्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी वाळते आणि वाळताना लागणारी उष्णता आतल्या पाण्याकडून घेते; म्हणून आतले पाणी निवते. कोणताही द्रव वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. मात्र पाण्याने ही क्रिया गोठणबिंदूखाली नेणे व्यवहारात जमत नाही. त्यासाठी असा द्रव हवा की, जो कडाक्याच्या थंडीतही उकळेल. अमोनिया साध्या हवेच्या दाबाखाली उणे ३३ अंशांवर उकळतो. थोडा दाब ठेवला, म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे २० पौंड, की तो उणे १५ अंशांवर उकळतो. आणि बर्फाच्या कारखान्यास नेमके हेच तापमान सोयीचे पडते.

आता कारखान्यात जाऊन पाहू. जमिनीत बांधलेला एक लांबरुंद हौद असतो. त्यात मिठाचे पाणी भरलेले असते, त्यालाच कामगार ब्राइन म्हणतात. या खारट पाण्यात लोखंडी नळ्यांची वेटोळी बुडविलेली असतात, आणि त्या नळ्यांत अमोनिया उकळत असतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो खारट पाण्यातून घेतो. खारे पाणी उणे ८ ते १० अंशांपर्यंत उतरते, तरीही गोठत नाही. या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे ओळीने उभे केलेले असतात. डब्यातले पाणी आपली उष्णता खाऱ्या पाण्यास देते आणि कडेकडून आत गोठत जाते. एक पंखा खारे पाणी सतत हौदभर फिरवीत असतो. लादी तयार झाली की डब्यांची एक ओळ उच्चालकाने उचलून साध्या पाण्याच्या टाकीत क्षणभर बुडवितात. कडेचा बर्फ सुटतो आणि डबा कलता केला की लादी घसरून बाहेर येते. डबे तळाशी किंचित निमुळते असतात ते यासाठीच. गोठताना पाणी सुमारे एक-अकरांशाने फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरावयाचा नसतो.

नळ्यांत उकळून वाफ झालेला अमोनिया कॉम्प्रेसर ओढून घेतो. तो या मोटेचा खरा ओढा होय. वाफ दाबून तो तिचा दाब १८० पौंडांच्या आसपास नेतो. दाबाने ती तापते. मग ती कंडेन्सरच्या नळ्यांत जाते; तेथे पाण्याच्या धारा तिची उष्णता घेतात, आणि ३५ अंशांच्या सुमारास वाफेचा पुन्हा द्रव होतो. तो द्रव रिसीव्हरच्या टाकीत साठतो, तेथून एका बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून हौदातल्या नळ्यांत सोडला जातो, आणि फेरी पुन्हा सुरू होते. अमोनिया खर्च होत नाही. तो केवळ वाहक आहे. उष्णतेचे ओझे घेऊन जातो आणि रिकामा परत येतो.

हे ओझे किती, याचा हिशेब साधा आहे. ३० अंशांचे एक किलो पाणी शून्यावर आणावयास ३० किलोकॅलरी काढाव्या लागतात, ते गोठवावयास ८०, आणि बर्फ उणे १० अंशांपर्यंत नेण्यास आणखी ५. म्हणजे एकूण ११५. एक टन बर्फास १,१५,००० किलोकॅलरी झाल्या. हौदाच्या भिंतींतून शिरणारी उष्णता वगैरे धरून १,३०,००० समजाव्या. एवढी उष्णता वर चढविण्यास पंप, पंखे यांसह टनामागे साधारणपणे ५० ते ७० युनिटे वीज लागते. पन्नास की सत्तर, हे यंत्राच्या किमतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते चालविणाऱ्याच्या काळजीवर असते.

येथे एक बारीक गोष्ट. पाण्याची टाकी पत्र्याच्या छपरावर उन्हात असेल तर मे महिन्यात पाणी ४० अंशांवर जाते. तीच टाकी सावलीत वा जमिनीखाली असेल तर २८-३० अंशांवर राहते. किलोमागे दहा-बारा किलोकॅलरींचा हा फरक म्हणजे शेकडा दहा बर्फ फुकट मिळविण्याजोगा आहे. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. चार बांबू आणि एक तट्टी पुरते.

लादी गोठण्यास वेळ किती लागावा, हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. बर्फ स्वतःच उष्णतेची वाट अडवितो. कडेला पहिला थर धरला की आतल्या पाण्याची उष्णता त्या थरातून बाहेर यावी लागते, आणि थर जसजसा जाड होतो तसतशी ती सावकाश येते. म्हणून लादीची जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. खारे पाणी उणे १० अंशांवर असताना १५ सेंटिमीटर जाडीची लादी सुमारे १४ तासांत गोठते. ३० सेंटिमीटरची लादी दोन दिवसांहून अधिक घेते. गिऱ्हाइकांची घाई पाहून काही ठिकाणी खारे पाणी आणखी थंड करून वेळ वाचविण्याचा मोह होतो. पण मग विहीर खोल केल्यासारखे होते. विजेचे बिल वाढते, आणि फार झपाट्याने गोठलेली लादी ठिसूळ होऊन तडकते.

आता पाटाच्या उंचीकडे वळू. कंडेन्सरमध्ये अमोनियाचा द्रव ज्या तापमानास होतो ती ही उंची. ती एका अंशाने वाढली की विजेचा खर्च शेकडा दोन-तीनने वाढतो. वाचकांस वाटेल की, मग मे महिन्यात आपल्याकडे यंत्राची दशा सर्वांत वाईट असणार. गंमत अशी की, तसे होईलच असे नाही. कंडेन्सर ज्या पाण्याने थंड करतात ते पाणी कूलिंग टॉवरमध्ये धारा-धारांनी हवेत सोडलेले असते, आणि त्यातले थोडे वाळून बाकीचे निवते. हीच युक्ती आपण खसाच्या ताट्यांत आणि घरोघरच्या कूलरमध्ये वापरतो. कूलर मुंबईला निरुपयोगी आणि अकोल्यास अमृत का ठरतो, हे प्रत्येक वऱ्हाडी माणूस जाणतो : आपली उन्हाळी हवा कोरडी असते. ४४ अंशांच्या हवेत आर्द्रता शेकडा १५ असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास दाखवितो. जुलैत हवा ३१ अंशांची, पण आर्द्रता ८० असते, तेव्हा तोच ओला तापमापक २८ अंश दाखवितो. कंडेन्सरचे पाणी या ओल्या तापमापकाच्या मागोमाग जाते, कोरड्याच्या नव्हे. तेव्हा वऱ्हाडचा कडक उन्हाळा यंत्राचा शत्रू नाही. पुरेसे पाणी मिळेल तर तो त्याचा मित्रच आहे.

परंतु ‘पुरेसे पाणी मिळेल तर’ या चार शब्दांतच सारी मेख आहे. टनभर बर्फाची उष्णता आणि कॉम्प्रेसरच्या श्रमाची उष्णता मिळून सुमारे पावणेदोन लाख किलोकॅलरी हवेत टाकाव्या लागतात. एक लिटर पाणी वाळताना ५८० किलोकॅलरींच्या आसपास घेते. म्हणजे एका टन बर्फामागे सुमारे ३०० लिटर पाण्याची निव्वळ वाफ होते. वाफ होताना पाण्यातले क्षार मागे राहतात. ते साचू नयेत म्हणून थोडे पाणी काढून टाकून ताजे घालावे लागते. हे सारे धरता टनामागे चारशे लिटरांवर पाणी जाते, आणि डब्यांत भरलेले हजार लिटर वेगळेच. बर्फाची मागणी सर्वांत अधिक असते त्याच महिन्यांत गावातले पाणी सर्वांत कमी असते. बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे काटेपूर्णेवर धरण आहे, अकोला शहरही त्यावर अवलंबून आहे, आणि अवर्षणाच्या साली त्याचा साठा कोठवर जातो हे येथील लोकांस सांगावयास नको. त्यामुळे टॉवरमधून उडून जाणारे थेंब अडविणाऱ्या फळ्या शाबूत ठेवणे आणि टाकीचा तरंगता व्हॉल्व्ह गळू न देणे ही केवळ कारखानदाराच्या काटकसरीची बाब नव्हे, ती गावाशी सचोटीने वागण्याची बाब आहे.

यंत्राची देखभाल म्हणजे उष्णतेच्या या वाटेवरचे अडथळे दूर करणे. वाटेच्या टोकापासून मागे येऊ. पहिला अडथळा कंडेन्सरच्या नळ्यांवर बसणाऱ्या क्षारांचा. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड. घरातल्या बंबात जसे पांढरे किटण धरते तसेच येथे धरते. किटणाचा पातळ थरही उष्णता अडवितो, आणि गेजवरचा १८० पौंडांचा काटा २१० कडे सरकतो. काटा २१० वर म्हणजे अमोनिया ४० अंशांवर निवतो आहे. पाटाची उंची पाच अंशांनी वाढली, वीज शेकडा दहा-पंधराने वाढली. नळ्या ब्रशने वा जाणकाराच्या देखरेखीखाली सौम्य आम्लाने साफ करणे, हा यावर उपाय.

दुसरा अडथळा आत शिरलेल्या हवेचा. दुरुस्तीसाठी यंत्र उघडले की थोडी हवा आत राहते. ती द्रव होत नाही. कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते. ती ओळखण्याची रीत सोपी आहे. कॉम्प्रेसर बंद करून कंडेन्सरवर पाणी चालू ठेवावे. पाणी ३० अंशांचे असेल आणि आत शुद्ध अमोनिया असेल, तर थोड्या वेळाने गेज १५५ पौंडांच्या आसपास स्थिर झाले पाहिजे. ते १७५ वर अडून बसले तर आत हवा आहे. ती नळीने पाण्याच्या बादलीत सोडून काढावी. बुडबुडे वर येत असतील तोवर हवा निघते आहे. बुडबुडे विरून कडकड आवाज येऊ लागला की अमोनिया येऊ लागला, कारण तो पाण्यात झटकन विरघळतो. तेथे थांबावे.

तिसरा अडथळा तेलाचा. कॉम्प्रेसरचे वंगण थोडेथोडे अमोनियाबरोबर वाहत जाते. ते अमोनियात मिसळत नाही, आणि जड असल्यामुळे हौदातल्या नळ्यांच्या तळाशी साचते. आतून तेलाचा लेप बसलेली नळी खाऱ्या पाण्याची उष्णता घेत नाही. ठरलेल्या दिवशी हे तेल काढलेच पाहिजे. मात्र व्हॉल्व्ह उघडून दुसऱ्या कामास जाणे म्हणजे अपघातास आमंत्रण. तेल संपताच त्याच वाटेने द्रव अमोनिया उसळतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्याने बंद करीपर्यंत तेथून हलता कामा नये, आणि सोबत दुसरा माणूस असावा.

चौथी गोष्ट खाऱ्या पाण्याची. मीठ कमी पडले तर नळ्यांवरच बर्फाचे कवच धरते आणि लाद्या मात्र कच्च्या राहतात. नवख्या चालकास वाटते यंत्रात बिघाड आहे, वास्तविक कमतरता मिठाची असते. मिठाचे प्रमाण शेकडा वीसच्या सुमारास, म्हणजे तरंगकाट्यावर १.१५ च्या आसपास असावे. डबे उचलताना खारे पाणी गळते आणि भरताना गोडे पाणी सांडते, म्हणून ही पाहणी दर आठवड्यास हवी. गंजून भोक पडलेल्या डब्यातली लादी खारट लागते. तो डबा त्याच दिवशी बाजूला काढावा. आणि नळी फुटून अमोनिया खाऱ्या पाण्यात उतरतो आहे अशी शंका आली, तर नमुना काढून त्यात नेस्लरच्या द्रावणाचे थेंब टाकावे. पिवळसर-तपकिरी रंग आला तर नळी शोधून काढावयास उशीर करू नये.

पाचवी गोष्ट कॉम्प्रेसरचीच. हौदाकडे अमोनिया गरजेपेक्षा अधिक सोडला तर तो पुरता न उकळता द्रवरूपातच परत येतो. ओढणाऱ्या नळीवरचे दव कॉम्प्रेसरच्या अंगावर चढू लागले आणि ठोक्यांचा आवाज बदलला, की ही सूचना समजावी. द्रव दाबला जात नाही. तो झडपा फोडतो. चालकाचा कान आणि तासातासाला भरलेली नोंदवही, हे या खोलीतले दोन उत्तम पहारेकरी. दोन्ही दाब, खाऱ्या पाण्याचे तापमान, कंडेन्सरच्या पाण्याचे येते-जाते तापमान, तेलाचा दाब आणि मोटरचा प्रवाह, एवढे आकडे रोज लिहिले तर दोष दहा दिवस आधी दिसतो. वही नसेल तर तो लग्नसराईच्या ऐन दिवशी दिसतो.

अमोनियाविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. तो स्वस्त आहे, उष्णता वाहण्यात उत्तम आहे, आणि त्याचा उग्र दर्प धोक्याची सूचना फार आधी देतो. पण हवेत दहा लाखांत ३०० भाग झाला की जिवास धोका असतो, आणि शेकडा १५ ते २८ च्या दरम्यान तो पेटूही शकतो. तांब्या-पितळेस तो खातो, म्हणून या यंत्रात सारे काम लोखंडाचे. घाईत पितळी तोटी बसविणारा मिस्त्री संकट बसवून जातो. बारीक गळती गंधकाची बत्ती जवळ नेल्यावर उठणाऱ्या पांढऱ्या धुराने सापडते. मोठी गळती झाली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर व्हावे, तोंडावर ओले फडके धरावे, डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवीत राहावे आणि मग दवाखाना गाठावा. हवेत पसरलेला वायू पाण्याच्या फवाऱ्याने बसतो. परंतु जमिनीवर सांडलेल्या द्रवावर पाणी मारू नये, त्याने तो अधिकच उकळतो. मुखवटा यंत्राच्या खोलीत नव्हे, दाराबाहेर टांगलेला असावा. आत असलेला मुखवटा आणावयास आतच जावे लागते, एवढी साधी गोष्ट अनेक ठिकाणी विसरली जाते.

आता लादीच्या आत पाहू. पाणी गोठताना स्फटिक शुद्ध पाण्याचेच बनतात. विरघळलेली हवा आणि क्षार ते पुढे ढकलीत नेतात, आणि शेवटी ते सारे लादीच्या पोटात कोंडले जातात. पांढरा गाभा दिसतो तो हाच. डब्यात बारीक नळीने हवा सोडून पाणी हलते ठेवले, आणि शेवटी पोटातले उरलेले पाणी शोषून घेऊन तेथे ताजे पाणी भरले, तर लादी काचेसारखी निघते. आपल्या अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेल्या खारपाणपट्ट्यात ही अडचण फार मोठी आहे. तेथील भूजलातले सोडियमचे क्षार उकळून वा चुन्याने जात नाहीत. अशा पाण्याची लादी उशिरा गोठते, पांढुरकी होते आणि लवकर फुटते. तेथे धरणाचे पाणी तरी हवे, नाही तर क्षार गाळणारे यंत्र.

परंतु स्वच्छ दिसणारा बर्फ निर्मळ असतोच असे नाही, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांस हीच वाटते. पुष्कळांची समजूत असते की, गोठल्यावर रोगजंतू मरतात. तसे नाही. विषमज्वराचे जंतू आणि काविळीचे विषाणू बर्फात तग धरून राहतात आणि रसाच्या पेल्यात जागे होतात. म्हणून डब्यात भरावयाचे पाणी पिण्याच्या पाण्याइतकेच शुद्ध केलेले असावे; डबे न गंजणारे व धुतलेले असावेत; लादी उघड्या जमिनीवर घसरत नेऊ नये, मळकट पोत्यात गुंडाळू नये, आणि फोडणाऱ्याचे हात व टोचा स्वच्छ असावेत. मासळी वा देह राखण्यासाठी केलेला बर्फ वेगळा. तो खाण्याच्या बर्फात मिसळू नये म्हणून महाराष्ट्रात २०१८ सालापासून अखाद्य बर्फास निळा रंग देणे सक्तीचे झाले आहे. गिऱ्हाइकाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : निळी लादी पेल्यासाठी नाही. पण बिनरंगी लादीही कोणत्या पाण्याची आहे, हे विचारण्याचा हक्क त्याने सोडू नये.

पाण्याच्या टंचाईचा आणि या धोक्याचा फार जवळचा संबंध आहे. नळ आटला, टँकर महागला, की जे मिळेल ते पाणी डब्यात भरण्याचा मोह होतो. लादी सुटी करण्याच्या टाकीतले पाणी पुन्हा डब्यात ओतण्याचे प्रकारही त्यातूनच होतात. त्यात डब्यांच्या अंगावरचे खारे पाणी आणि गंज उतरलेला असतो. पाणी कमी पडले तर लाद्या कमी काढाव्या. पाण्याची प्रत कमी करू नये. ज्याच्या घरी कावीळ शिरली, त्याला स्वस्त लादीचा हिशेब कळून काय उपयोग?

शेवटी कामाचे वर्ष कसे बांधावे, ते सांगतो. मार्गशीर्ष-पौषात बर्फाची मागणी मंदावते. मोठ्या दुरुस्त्या तेव्हाच काढाव्या : कंडेन्सरचे किटण, कॉम्प्रेसरच्या झडपा व कड्या, हौदाच्या भिंतींतील उष्णतारोधक थर, डब्यांची पारख, पट्टे, सुरक्षेचे व्हॉल्व्ह, मुखवटे. होळीपूर्वी यंत्र आठ दिवस चालवून नोंदवहीतले आकडे मागील वर्षाशी ताडून पाहावे. नंतर ज्येष्ठापर्यंत यंत्रास उसंत नसते. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की दाब चढलेला दिसेल. तेव्हा यंत्र बिघडले असे समजून ते खोलावयास धावू नये, आधी ओला तापमापक पाहावा.

बर्फाचा कारखाना चालविणे हे अवघड शास्त्र नाही, पण ते इमानाचे काम आहे. आत जाणारे पाणी शुद्ध आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेची वाट मोकळी, या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचे यंत्र आपण होऊन करते. त्या दोन्ही गोष्टी पाण्यावर येऊन ठेपतात. वऱ्हाडात एक लादी बर्फ म्हणजे तिच्याइतके गोडे पाणी आणि शिवाय त्याच्या एकतृतीयांशाजवळ हवेत उडून गेलेले पाणी. वैशाखात ती हाती येईल तेव्हा तिची किंमत रुपयांत मोजताना हा दुसरा हिशेबही आपण मनात धरावा, आणि जो कारखानदार तो चोख ठेवतो त्याच्याकडूनच ती घ्यावी.